सायकल अंगाला बसली पाहिजे

ब्लाऊज शिवायला टाकताना आपल्या किती सूचना असतात! गळा एवढाच ठेवा, बाही कोपराच्या वर घ्या, मागच्या वेळी काखेत दाटत होतं तेवढं सैल करा... पोरांच्या शाळेचे बूट घेतानाही आपण पुढून अंगठा दाबून बघतो. पण मुलीसाठी सायकल घ्यायची वेळ आली, की घरात दोनच प्रश्न विचारले जातात. किती रुपयांना आणि कोणत्या रंगाची? माप कुणी विचारत नाही. वडील एकटेच बाजारात जातात, गुलाबी नाहीतर जांभळी सायकल टेम्पोत टाकून आणतात. हँडलला हार घातला जातो, नारळ फुटतो, शेजारीपाजारी पेढे जातात. आणि दोन महिन्यांनी बघावं, तर तीच सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली असते आणि तिच्यावर गोधडी वाळत घातलेली असते.

मैत्रिणींनो, ही सायकल का थांबली, असं विचारलं तर घरचे सांगतात, ‘पोरगी आळशी आहे’, ‘तिला भीती वाटते’, ‘तिचे पाय दुखतात’. यातलं शेवटचं कारण मी अनेक घरांत ऐकलं, तेव्हा मला राहवेना. पाय दुखायला ती काही म्हातारी नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे पाय चार किलोमीटरने दुखत असतील, तर दोष पायांचा नसावा, एवढं तर कुणाच्याही लक्षात यावं!

आमचं राणीसावरगाव परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात आहे. रेणुकादेवीचं गाव म्हणून लोकांना ते माहीत असतं. हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांतला, त्यामुळे सपाट रस्ता थोडा आणि चढ-उतारच जास्त. आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरून मुली शिकायला येतात. बचत गटाच्या कामासाठी मी त्यांच्या घरी जाते. बैठक संपली, की चहाबरोबर पोरींच्या शाळेचा विषय निघतोच आणि शाळेच्या विषयात सायकल येतेच. कारण एसटी चुकली, की त्या दिवशीची शाळा चुकते. असे दिवस वाढत गेले, की मुलीचं शिक्षण कधी सुटलं ते घरातल्यांनाही कळत नाही.

महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात, हे तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. आठवी ते बारावीत शिकणाऱ्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. आधी ३,५०० रुपये मिळायचे, २०२२ मध्ये ते ५,००० झाले. पैसे मुलीच्या बँक खात्यात येतात. काही रक्कम आधी आणि उरलेली सायकल घेतल्याची पावती दिल्यावर. म्हणून पावती जपून ठेवायची. ही योजना ठरावीक तालुक्यांसाठीच असते, तेव्हा आपला तालुका त्यात आहे का, याची चौकशी मुख्याध्यापकांकडे करावी. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आठवी ते बारावी या सगळ्या वर्षांत हे पैसे एकदाच मिळतात. म्हणजे मिळेल ती एकच सायकल, आणि तीही पाच वर्षांची सोबतीण! मग ती निवडताना लग्नाच्या साडीइतका तरी विचार नको का करायला?

भाचीची सायकल

सायकलीचंही माप असतं, हे मला कळलं ते पुण्यात. माझी भाची तिथे नोकरीला लागली आणि पहिल्या काही पगारांतून तिने चक्क रोड बाईक घेतली. रोड बाईक म्हणजे आपण ज्याला रेसची सायकल म्हणतो ती. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर बोटाएवढे बारीक, मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअरही नाही. किंमत ऐकून मी पदरच तोंडाला लावला! पण दुकानात जे बघितलं त्याचं मला फार नवल वाटलं. दुकानदाराने तिला आधी रंग विचारलाच नाही. भिंतीला पाठ लावून उभं केलं, पायांचं माप घेतलं, हाताची लांबी बघितली. मग एका मापाची सायकल काढून तिला तिच्यावर बसवलं आणि अर्धा-पाऊण तास सीट वर-खाली, पुढे-मागे करत बसला. गवंड्याकडे असतो तसा ओळंबासुद्धा तिच्या गुडघ्याला धरला. मी विचारलं, ‘‘एवढं कशासाठी?’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, तासाला हजारो वेळा पाय फिरणार. एक इंच चुकलं, तर तेवढ्या वेळा चुकणार.’’

मला ते पटलं. आणि मनात आलं, हौसेने फिरणाऱ्या मुलीसाठी एवढं माप घेतात, तर पोटाला चिमटा घेऊन शाळेत जाणाऱ्या आमच्या पोरींसाठी का नको? त्याला ना महागडी सायकल लागते, ना मोठं दुकान. लागतो तो एक टेप, एक पाना आणि एक वही.

गुडघ्याची वाटी दुखायली...

परत आल्यावर एका वस्तीवर बैठकीला गेले होते. दहावी पास झालेली मुलगी घरात बसून होती. आई म्हणाली, ‘‘ताई, अकरावीत नाव टाकलं, पण पोरगी रोज रात्री गुडघे दाबून घ्यायली. बस झालं आता. दहावी झालीच की.’’ मुलगी हळूच म्हणाली, ‘‘काकू, चढाला पाय भरून येतेत. गुडघ्याची वाटी दुखायली.’’

मी तिला अंगणात सायकल चालवून दाखवायला सांगितली. सीट पार खाली दाबलेली होती. शिकताना पडायची भीती वाटली म्हणून कुणीतरी खाली केली, ती तशीच राहिली. पायडल वर आलं, की तिचा गुडघा पोटाशी येत होता आणि पायडल खाली गेलं तरी पाय सरळ होत नव्हता. उकिडवं बसून जातं ओढायला सांगितलं, तर किती वेळ ओढाल? तसंच होतं ते. सीट फार खाली असली, की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो आणि समोरच्या बाजूने गुडघा दुखतो. उलट सीट फार उंच असली, तर पाय ताणला जातो, गुडघ्याची मागची बाजू दुखते आणि कंबर डावी-उजवीकडे हलत राहते.

तिच्या भावाने पाना आणला. आम्ही सीट एकदम वर केली नाही. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा-अर्धा इंच वर करत गेलो, म्हणजे भीतीही वाटत नाही आणि पायांना सवय होते. पंधरा दिवसांनी तिची आई बाजारात भेटली. म्हणाली, ‘‘आता दाबून घ्यायची थांबली बघा.’’ सांगायला आनंद वाटतो, ती मुलगी यंदा बारावीला आहे. मात्र सीट नीट करूनही दुखणं राहिलं, गुडघ्याला सूज असली, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

माप कसं घ्यायचं?

मुलीला अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं करा. दोन्ही पायांत थोडं अंतर ठेवा. पुठ्ठ्याची जाड वही आडवी धरून दोन्ही पायांमध्ये अगदी वरपर्यंत सरकवा, सीटवर बसल्यासारखी घट्ट. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. हे झालं पायाचं आतलं माप. त्याला ०.८८३ ने गुणलं, की पायडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत किती अंतर हवं, ते मिळतं. समजा माप ७० सेंटिमीटर आलं, तर सीट साधारण ६२ सेंटिमीटरवर. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा ‘टूर दी फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत तीनदा जिंकलेला सायकलपटू. हा आकडा त्याच्या नावाने ओळखला जातो.

गुणाकार नको वाटला, तर त्याहून सोपी रीत आहे. कुणीतरी सायकल धरून ठेवायची. मुलीने सीटवर सरळ बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचं. अशा वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना टाचेऐवजी पावलाचा पुढचा, रुंद भाग पायडलवर आला, की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. बस्स, सीटची उंची जमली.

आता ओळंबा. पायडल दोन्ही बाजूंनी आडव्या रेषेत आणा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली दोऱ्याला दगड बांधून सोडा. दोरा साधारण पायडलच्या मधोमध यायला हवा. फार पुढे-मागे जात असेल, तर सीटखालचा नट सैल करून सीट तेवढी सरकवा. हा काही देवाचा नियम नाही, पण सुरुवात इथून करावी. पुढे ज्याच्या-त्याच्या अंगाप्रमाणे थोडं इकडे-तिकडे.

हँडल नव्या चालवणारीसाठी सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावं. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. हात ताठ होत असतील, तर खड्ड्याचा दणका थेट खांद्यात आणि मानेत जातो.

मुली लाजेने सांगत नाहीत, अशी एक गोष्ट आपणच विचारायला हवी. सीटचं पुढचं टोक वर उचललेलं असेल, तर नाजूक जागी दाब येतो, सोलवटतं, बधिर होतं. मुलगी आईलासुद्धा सांगत नाही, फक्त सायकल नको म्हणते. सीटवर पाणसळ नाहीतर सरळ पट्टी ठेवून ती आडव्या रेषेत आहे का, ते बघा. बायकांची बैठकीची हाडं पुरुषांपेक्षा जरा रुंद असतात, त्यामुळे अगदी अरुंद सीट आपल्याला टोचते. आणि गादी जितकी मऊ तितकी चांगली, असंही नसतं. फार मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि दाब भलत्याच जागी येतो. सायकल चालवल्याने मुलीच्या पुढच्या संसारात अडचण येते, हे जे आडून-आडून बोललं जातं ना, त्याला काहीही आधार नाही. त्रास होतो तो चुकीच्या सीटचा, आणि तो पाना फिरवला की जातो.

‘वाढतं अंग’ आहे!

फ्रॉक घेताना दोन बोटं मोठा घ्यायचा, ही आपली पिढीजात सवय. सायकलीलाही आपण तोच न्याय लावतो. आठवीतल्या ठेंगण्या मुलीला २६ इंची सायकल, कारण काय, तर वाढतं अंग आहे, पाच वर्षं पुरली पाहिजे! वडिलांचं म्हणणं चूक कसं म्हणणार? पैसे एकदाच मिळणार, हे खरंच आहे.

पण डॉक्टर काय सांगतात, ते ऐका. मुलीची उंची झपाट्याने वाढते ती पाळी येण्याच्या आधी. पाळी सुरू झाल्यावर सर्वसाधारणपणे दोन ते तीन इंचच वाढ उरलेली असते आणि त्यातही पायांची वाढ आधी थांबते. म्हणजे आठवी-नववीतल्या बऱ्याच मुलींच्या पायांची लांबी आणखी जी वाढणार, ती सीटची नळी वर केली की भागते. त्यासाठी अख्खी सायकल मोठी घ्यायची गरज नसते.

म्हणून दुकानात एकच परीक्षा करा. सीट अगदी खाली करायला सांगा आणि मुलीला बसवून टाचेची रीत करून बघा. तेवढ्यात तिचा पाय पायडलला नीट पुरला, तर सायकल आज तिची आहे. मग सीटची नळी किती वर येते ते बघा. नळीवर कमाल उंचीची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये. खूण नसेल, तर किमान अडीच इंच नळी आत राहिलीच पाहिजे, नाहीतर ती वाकते किंवा निसटते. या हिशेबाने तीन-चार इंच वर करायला जागा असली, तर हीच सायकल बारावीपर्यंतही तिची. पण सीट पार खाली करूनही पाय पुरत नसेल, तर दुकानदार काहीही म्हणो, ती सायकल घेऊ नका.

इथे आणखी एक गंमत आहे. मधे दांडी असलेली सायकल मोठी असेल, तर पाय जमिनीला टेकत नाहीत आणि लगेच कळतं. लेडीज सायकलला दांडी नसल्याने कुणीही तिच्यावर चढू शकतं, त्यामुळे ती मोठी आहे हे कळायला उशीर लागतो. आणि २६ इंची म्हणजे चाक २६ इंचाचं, सांगाडा नव्हे! दोन कंपन्यांच्या २६ इंची सायकलींत सीटच्या नळीची लांबी वेगळी असू शकते. म्हणून आकड्यावर जाऊ नका, मुलीला बसवून बघा.

एका घरी असंच झालं होतं. आठवीतल्या मुलीला मोठी सायकल आणि तिच्याच चुलतघरी अकरावीतल्या उंच मुलीकडे २४ इंची जुनी सायकल. दोघींचेही हाल! मी म्हटलं, ‘‘अदलाबदल करा की.’’ दोन्ही घरचे आधी गप्पच. नव्या सायकलीच्या बदल्यात जुनी कशी द्यायची-घ्यायची? शेवटी दोन्ही जावांनीच ठरवलं, सायकल अदलाबदल आणि वरचा हिशेब म्हणून जुनीला नवे टायर. आता दोघी एकत्रच शाळेला निघतात.

लेडीज, जेंट्स की गिअरची?

लेडीज सायकलची दांडी खाली वाकवली, ती बायकांच्या पायघोळ घागऱ्यासाठी, परदेशात, सव्वाशे वर्षांपेक्षाही आधी. त्या काळातली एक कथा मला फार आवडते. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमधून ॲनी लंडनडेरी नावाची तीन मुलांची आई सायकलवर जग फिरायला निघाली. अंगात घागरा आणि सायकल लेडीज, वजन १९ किलो! शिकागोपर्यंत जाताना ती पार थकली. तिथे तिने ती सायकल बदलून निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, घागऱ्याऐवजी सुटसुटीत कपडे घातले आणि पुढे निघाली. बरंचसं अंतर बोटीने कापावं लागलं, पण १८९५ च्या सप्टेंबरमध्ये ती जगाला वळसा घालून शिकागोत परतली.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. १९९० नंतरच्या काळात तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीत हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या, त्यांनी हे मनावर घेतलं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय, की तिथल्या बायका जेंट्स सायकलीही घेत होत्या. लेडीज सायकली पुरेनाशा झाल्या हे एक कारण; आणि दुसरं म्हणजे पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं! बघा, निवड अशी करायची असते. आपलं काम काय आहे, त्यावरून.

शाळेत जाणाऱ्या, पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुलीसाठी मला विचाराल तर साधी, बिनगिअरची, चेनवर पूर्ण झाकण असलेली सायकल बरी. मागच्या चाकाला जाळी लावून घ्या, ओढणी अडकत नाही. ओढणी तरी पाठीमागे गाठ मारून किंवा कमरेला बांधूनच निघायचं. पुढे टोपली, मागे कॅरिअर, रात्री चमकणारी लाल काच आणि घंटी, एवढं हवंच. आमच्यासारखा चढाचा रस्ता असेल, तर गिअरचा मोह होतो आणि त्याचा उपयोगही होतो. पण गिअरची दुरुस्ती येणारा मिस्त्री जवळपास आहे का, हे आधी विचारा. नाहीतर एक तार तुटली, की सायकल महिनाभर उभी.

आणि रेसची सायकल? घरातल्या मुलीला खरंच स्पर्धेत उतरायचं असेल, तर जरूर घ्यावी. पण चांगली नवी सायकल पंचवीस-तीस हजारांच्या पुढेच जाते आणि तिच्या बारीक टायरला आपल्याकडचे बाभळीचे काटे काही सोडत नाहीत. तिथे तर माप आणखी काटेकोर लागतं, कारण अंग पुढे झुकलेलं असतं आणि तासन् तास तसंच राहावं लागतं. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विसाव्या वर्षी एकटी सायकलवर जग फिरून आली. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर! म्हणजे रोजचे १८० किलोमीटरहून जास्त. सायकल अंगाला बसलेली नसती, तर हे जमलं असतं का?

दुकानातून निघण्याआधी

नवी सायकल खोक्यातून सुटी येते आणि दुकानातला पोऱ्या ती जोडतो. गर्दीच्या दिवसांत जोडणी घाईत होते. म्हणून पैसे देण्याआधी एवढं बघाच. पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल फिरवून बघा, ते आपोआप वळता कामा नये. दोन्ही चाकं उचलून फिरवा, डुलत असतील तर तारा कसून घ्या. ब्रेकचं रबर रिंगलाच लागतंय ना, टायरला नाही ना, ते बघा. ब्रेक मुलीच्या बोटांना पुरतो का, हे तिलाच दाबायला लावून बघा. मुलींचे पंजे लहान असतात. वायरच्या ब्रेकला बहुधा छोटा स्क्रू असतो, त्याने दांडा जवळ आणता येतो. उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायचे, एकटा पुढचा करकचून दाबायचा नाही, हे तिला तिथेच शिकवा. हवा किती भरायची, ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. हवा कमी असली, की सायकल जड जाते आणि दोष पुन्हा पायांवर येतो! महिन्याभरानंतर एकदा सगळे नट कसून घ्या, नव्या सायकलीचे ते सैल होतातच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलीला दुकानात सोबत न्या. ती घरी आणि सायकल बाजारात, असं करून माप कसं जुळायचं?

एक सायकल काय करते?

कुणी म्हणेल, एवढ्याशा सायकलीचं काय एवढं कौतुक? बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देणं सुरू झालं. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली होती. फरक जास्त पडला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. म्हणजे आपल्या वाड्या-तांड्यांसारख्याच ठिकाणी. मुलींचा जथा रस्त्याने सायकलवर निघाला, की ‘पोरीची जात, कशी पाठवायची’ हे वाक्यही हळूहळू मागे पडतं.

आणि आपण?

पोरींच्या सायकलीचं माप घेता घेता आमच्या गटातल्या दोघी-तिघींनी विचारलं, ‘‘ताई, आपल्याला येईल का आता?’’ का नाही येणार? फ्रान्सिस विलर्ड या अमेरिकेतल्या दारूबंदीसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्या. त्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. रोज साधारण पाव तास, असं तीन महिने त्या शिकत होत्या. आपण तर अजून चाळिशीतच आहोत!

मोठेपणी शिकायची एक सोपी युक्ती सांगते. मिस्त्रीकडून दोन्ही पायडल काढून घ्या. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणून घरी जोर लावून बिघडवू नका. सीट इतकी खाली करा, की दोन्ही पावलं जमिनीला पूर्ण टेकतील. आता हलक्या उतारावर पायांनी ढकलत-ढकलत चला. पडायची भीती नाही, कारण पाय जमिनीवरच आहेत. दोन-चार दिवसांत तोल सापडतो. मग पायडल लावा आणि तोल पक्का झाला, की सीट हळूहळू वर घ्या. सीट खाली ठेवायची ती शिकण्यापुरती. जन्मभर खाली ठेवायची नाही, हे मात्र विसरू नका.

आमच्या गटाने आता एक ठरवलंय. शाळा सुरू झाली, की पहिल्या रविवारी सकाळी सगळ्या मुलींनी आपापली सायकल घेऊन यायचं. एक टेप, दोन पाने, हवेचा पंप आणि तेलाची बाटली, एवढंच सामान. गावातला सायकलवाला मिस्त्री दोन तास बसतो, त्याला आम्ही चहा-नाश्ता आणि वर्गणीतून थोडे पैसे देतो. एकेका मुलीला पाच-सात मिनिटंच लागतात. तिचं माप तिच्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून देतो, म्हणजे पुढच्या वर्षी किती वाढली तेही कळतं आणि सीट तेवढी वर जाते. तुमच्या गावात भजनी मंडळ असेल, बचत गट असेल, महिला मंडळ असेल, हे सहज करता येईल. पाना कुणाकडेही मिळेल. मुली मात्र वाट बघत असतात, कुणीतरी ‘बस बघू सीटवर’ म्हणेल म्हणून.